बिनधुराची शेगडी

माझ्या नवऱ्याला काहीही विचारा, तो म्हणतो, "दोघींचंही बरोबर आहे." बाजारात लोखंडी शेगड्यांच्या रांगेपुढे उभा राहून ओत्गोननं हेच म्हटलं, तेव्हा वाटलं, यालाच एखाद्या शेगडीत कोंबावं.

"आई म्हणते मोठी घे. तू म्हणतेस ती नवी, बिनधुराची घे. दोघींचंही..."

"अरे, शेगडी एकच घ्यायचीय!"

दुकानदार हसला. "गेर किती भिंतींचं?"

"चार." आमचं गेर म्हणजे नमद्याचं गोल तंबूघर, भिंतींच्या जाळ्या मोजून त्याचं माप सांगतात.

"मग आजींनी धरून ठेवलीय ती नको. ती सहा भिंतींच्या गेरची. तुमच्या छताच्या काठ्या करपवेल."

"नाकापेक्षा मोती जड," मी पुटपुटले. सासूबाईंना बरोबर ऐकू गेलं. एरवी तीनतीनदा हाका माराव्या लागतात.

मला हौस नव्हती भांडायची. माझी मराल चार वर्षांची. उलानबातरच्या आमच्या टेकडीवर थंडी पडली की घराघरातून कोळशाचा धूर निघतो, आणि आमची जुनी शेगडी तर निम्मा धूर घरातच सोडायची. मागच्या हिवाळ्यात पोर खोकून खोकून निळी पडली. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "पुन्हा अशी आणलीस, तर हिला शहरात ठेवायचं नाही." म्हणजे गोबीत माझ्या आईकडे धाडायचं. मी पोरीशिवाय हिवाळा काढायचा! शेगडीची निवड चुकून चालणार नव्हती.

"हिच्यात कोळसा एकदा भरायचा, वरून पेटवायचा आणि दार बंद. मधे उघडायचं नाही," दुकानदार म्हणाला.

"उघडायचं नाही? मग आगीला घास कुठून द्यायचा?" सासूबाई कडाडल्या. "लोणी नाही, चहाचा थेंब नाही. उपाशी ठेवायची आगीला?"

"पेटवतानाच द्या की, आई! ती काय दिवसभर चरत बसते?"

शेवटी मी बिनधुराचीच घेतली. पोरीचं ऐकल्यावर दुकानदार म्हणाला, "खोकला थांबला की येऊन सांगा हं, ताई."

आणि खरंच थांबला. मराल तोंड मिटून झोपायला लागली. सासूबाईही सकाळी पेटवतानाच लोणी घालायच्या, तोंड वाकडं करून का होईना. मला वाटलं, जिंकले.

राहिली जुनी शेगडी. मी म्हटलं भंगारात देऊ. झालं! "माझी पोरं या आगीवर वाढली, आणि तू भंगारात देतेस?" म्हणून ती कुंपणाला टेकून उभी राहिली. नवरा म्हणाला, दोघींचंही बरोबर आहे.

मग थोरले दीर आले, पुरेव भाऊजी. बर्फात त्यांची सगळी जनावरं मेली होती. बायको, तान्हं मूल आणि गुंडाळलेलं गेर ट्रकवर टाकून आले आणि आमच्याच कुंपणात राहिले. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! पण भावाला नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी जुनी शेगडी त्यांना दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आली ना कामाला?"

कामाला आली. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे. त्यांच्या धुराड्यातला सगळा काळा धूर थेट आमच्या छताच्या भोकातून आत. आगीतून फुफाट्यात पडलो. आठवडा गेला नाही तोच मराल पुन्हा ढास लागून उठायला लागली. दुसरी नवी शेगडी घ्यावी, तर सरकारी सवलतीत एका कुंपणाला एकच, आणि पुऱ्या किमतीला पैसे कुठले?

"दादाचंही काही चूक..." ओत्गोननं सुरुवात केली.

"पूर्ण कर वाक्य, मग बघ!" मी म्हटलं. "मी जाऊन सांगते त्यांना. ती शेगडी विझवा आणि आमच्यात राहायला या."

सासूबाईंचा पेला हातातच राहिला. "दुसऱ्याला आग विझव म्हणणार तू? अगं, शाप आहे तो. वैऱ्यालाही कुणी देत नाही."

मला काय माहीत नव्हतं? माझ्या आईनंही असं ऐकून थोबाडीत दिली असती. संसार मोडो म्हणण्यासारखंच ते. पण बाजूला माझी पोर खोकत होती. मी गेलेच.

आत धुरानं डोळे उघडेनात. माझी जाऊ, चिमगेवहिनी, तान्ह्याला मांडीवर घेऊन शेगडीत फुंकर घालत होती. मूलही खोकत होतं.

"ये गं, ये," ती डोळे पुसत म्हणाली. "आमचं काही काही उरलं नाही बघ. ही आग तेवढी आहे. आईंच्या हातची."

माझे शब्द ओठांवर होते. मी तान्ह्याला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं.

"चहा टाकलास का, वहिनी?" मी म्हटलं.

मराल गेली. गोबीला आईकडे, माझ्या भावाच्या गाडीतून, मांडीवर खाऊची पिशवी घेऊन. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून सासूबाईंनी गाडीमागे दूध शिंपडलं आणि हुंदके देऊन रडल्या. रडायचं होतं मला, ते रडणंही यांनीच घेतलं! ओत्गोन काहीच बोलला नाही. आमच्या दोघींपैकी कुणाचं बरोबर, तेही नाही.

परवा बाजारात तो दुकानदार भेटला. लांबूनच ओरडला, "काय ताई, शेगडी कशी आहे?"

"छान आहे. धूर नावालाही नाही."

"मी म्हटलं नव्हतं? आणि पोरीचा खोकला? थांबला का?"

कालच आईचा फोन आला होता. मराल दिवसभर शेळ्यांमागे धावते, म्हणाली, एकदासुद्धा खोकत नाही.

"थांबला," मी म्हटलं.