सिंकच्या उजवीकडची जागा

डिशवॉशर स्वयंपाकघराच्या मधोमध उभा होता आणि प्लंबर सिंकखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरला होता. मी माहितीपुस्तिका घेऊन बाजूला. वाचली होती सगळी. कळली, असं मात्र छातीठोकपणे सांगवत नाही.

"काका, पाणी बाहेर टाकणारी नळी आधी ओट्याच्या फरशीखाली उंच बांधायची, मग खाली सिंकच्या पाइपात सोडायची," आतून आवाज आला. "नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये. या चढउतारातच नळी संपते. म्हणून मशीन इथंच, उजवीकडं. दुसरीकडं पोचायची नाही."

उजवीकडे म्हणजे माझ्या जागी.

लग्न झालं तेव्हा घर माणसांनी गच्च भरलेलं. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर जेवणानंतर, भांड्यांपाशी, नळाच्या आवाजाआड. ही घासायची, मी उजवीकडे उभा राहून पुसायचो. भाऊ म्हणायचा, "बायकोचं शेपूट." म्हणू दे. समोरासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. पण दोघांची तोंडं भिंतीकडे असली की कसं कोण जाणे, सुचतं. नोकरी सोडावीशी वाटते, हे मी एका ताटाला सांगितलं होतं. मुलगी सासरी गेली तेव्हा रडलो तेही तिथंच, पातेल्याचं झाकण पुशीत. पुढं माणसं पांगली, घर मोकळं झालं. आमची जागा तीच राहिली.

"मग, पाडू का कपाटाला भोक?"

ही आतल्या खोलीत होती. नळी पुरत नाही म्हणून मशीन परत पाठवलं असतं, तर तिला खरं वाटलं असतं. पुस्तिका मीच वाचली होती ना.

तेवढ्यात ती प्लंबरसाठी चहा घेऊन आली. कप दोन्ही तळव्यांत धरलेला. हल्ली पेरं सुजतात, कपाचा कान तिला धरवत नाही.

"पाडा," मी म्हणालो.

नळी जोडून झाल्यावर प्लंबरनं मशीन चालवून पाहिलं. सांध्याखाली धरलेला कागद कोरडा निघाला. "थेंब नाही, काकू. आता काकांना सुट्टी."

"त्यांनी पुसण्यापलीकडं केलंय काय आजवर, सुट्टी द्यायला?" ही म्हणाली.

जेवणं झाली. मशीन सुरू झालं. सवयीनं मी खिळ्यावरचं फडकं काढलं आणि उभं कुठं राहायचं ते न कळून तसाच घुटमळलो. हिनं दोन स्टुलं ओढली, मशीनसमोर शेजारी शेजारी मांडली आणि एकावर बसली.

"याच्याकडं बघत बसायचं?"

"मला नकोय बघायला. पण समोर काहीतरी लागतं ना तुम्हाला," ती मशीनच्या दाराकडं पाहत म्हणाली. "हं, बोला."

मी फडकं मांडीवर घेऊन बसलो. आत पाणी सळसळत होतं.

"बोटं फार दुखतात का गं?" मी मशीनला विचारलं.