बिनकाट्याचा मासा

आमचं मागचं दार आणि सिंधूच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामध्ये दोन हातांचा बोळ आहे. त्या बोळातून कोथिंबीर, विरजण, लग्नाच्या पत्रिका, रुसवेफुगवे, सगळं इकडचं तिकडं होतं. मासा तेवढा कधी आला नाही. आम्ही लिंगायत. सिंधूचा नवरा भागवत मासा करायचा तो पुढच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आणि त्या दिवशी ही खिडकी आठवणीनं लावून घ्यायचा.

त्या बुधवारी दिवेलागणीला खिडकी सताड उघडी होती. तिच्यातून तनुजाचं तोंड बाहेर आलं. सिंधूची थोरली, यंदा सहावीत.

"अज्जी, मासा किती वेळ शिजवायचा?"

"मला विचारतेस?"

"मग कुणाला इचारू? पप्पाला डबल ड्यूटी लावली. मुखेडच्या गाडीवर गेले. फोनच लागून न्हाई राहिला."

भागवत एस.टी.चा ड्रायव्हर. दुपारी रोहू आणून, साफ केलेले तुकडे फ्रीजमध्ये ठेवून गेला होता; संध्याकाळी येऊन करणार होता. सिंधूसाठी. तिचा टायफॉईड उतरला होता, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. मी मऊ भात दिला, मुगाचं वरण दिलं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. चांगली उभ्या अंगाची बाई भिंत धरून चालायला लागली होती. काल मात्र ती आपणहून म्हणाली, "माशाचं पातळ कालवण असतं तर गेलं असतं थोडं." डॉक्टरही हो म्हणाले, तेल-तिखट कमी असेल तर.

"उद्या करतील की पप्पा," मी म्हणाले.

"उद्या गुरुवार. मम्मी गुरुवारी खात न्हाई." तनुजा खिडकीतून आणखी पुढं वाकली. "आन् परवा तिनं नको म्हणलं तर?"

एवढ्याशा पोरीला ते बरोबर कळलं होतं. इच्छा झाली आहे तोवरच ताट पुढं यायला हवं.

"बरं. पप्पा कसा करतात?"

"मटनासारखा. खोबरं, कांदा भाजून, काळा मसाला घालून. तासभर रटरटू देतात."

"मग मासा कसा होतो?"

तिनं विचार केला. "मासा ऱ्हातच न्हाई अज्जी. नुस्ता रस्सा आन् काटे."

"म्हणजे तासभर नको. एवढं तर तुलाच कळलं. आता सांग, दोडका कसा करतेस?"

"लसूण-जिरं घालायचं, हळद, टमाटा. मग फोडी. लगेच शिजतो."

"तसाच कर. आधी पाण्याला उकळी येऊ दे, मग तुकडे सोड. आणि काय दिसतं ते मला सांगत राहा."

मी पायरीवर बसले. तिकडून लसणाची फोडणी बसल्याचा आवाज आला. पूजा आटोपून आमचे यजमान महादेवप्पा मागं येऊन उभे राहिले.

"काय शिकवून राहिलीस गं? आपल्या घरात सात पिढ्यांत न शिजलेलं?"

"शिकवून न्हाई राहिले, इचारून राहिले."

"दार तरी ओढून घे," म्हणत ते आत गेले. दार मात्र त्यांनी ओढलं नाही.

"अज्जी, काचेसारखा होता, आता दुधासारखा पांढरा झाला!"

"ढवळू नकोस हं. फडक्यानं पातेलं धर आणि नुसतं हलव."

"हलवलं. आता बंद करू?"

आता मी अडकले. दोडक्याचं ज्ञान इथवरच पुरत होतं. "मला खरंच माहीत नाही बाळा. तू बघ आणि तूच ठरव."

आत चमचा वाजला. मग तनुजा म्हणाली, "एक तुकडा चमच्यानं दाबला. पाकळ्या सुटल्या." पुन्हा चमचा वाजला. "बंद करते."

गॅसचं बटण खटकन वाजलं. मला वाटलं, झालं. तर ती ताट घेऊन बोळात आली.

"काटे बारीक हायत. आतल्या लाईटीत दिसनात. मम्मीच्या घशात गेला तर तिला खोकायची बी ताकद न्हाई."

आमच्या दिव्याच्या उजेडात ती पायरीच्या खाली उभी राहिली. वर आली नाही. मासा घेऊन आमची पायरी चढायची नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणून मीच खाली उतरले, चष्मा पुसला आणि तिच्याशेजारी दगडावर बसले. ती एकेक पाकळी उकलून काटे काढत होती, केसासारखे, टोकाला दुभंगलेले. बोटं पोळत होती तरी थांबत नव्हती.

"हा राहिला," मी म्हणाले.

"कुठं?"

"हा बघ."

तिला दिसेना. मी हात घातला आणि तो काटा ओढून काढला. तनुजा माझ्याकडं बघत राहिली.

"पुढचा तुकडा घे. निवून जाईल," मी म्हणाले.

मग हात धुऊन मी तिच्यामागून त्यांच्या घरात गेले. सिंधू उशीला टेकून बसली होती. तनुजानं भातावर कालवण वाढलं, मासा वर ठेवला आणि पदराशी खेळावं तशी ओढणीचं टोक पिळत उभी राहिली. सिंधूनं पहिला घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. दुसरा घेतला. तिसरा.

"मीठ कमी हाय गं," ती म्हणाली. "आन् लसूण करपवलास. भाताचा तर चिखल केलाय निस्ता."

तनुजाचा चेहरा पडला. डोळे भरून आले. मला मात्र हसू आवरेना. इतक्या दिवसांत या बाईनं कशालाच नावं ठेवली नव्हती.

सिंधूनं ताट पुढं केलं. "रडतीस काय येडे? वाढ की."