आधी कोण होतं यावर?

मी खाट बोलतेय. दचकू नका आणि पाय आखडून घेऊ नका. मला दारातून आत आणताना घरातली माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात, जणू मी चालत्या माणसालाही आडवं करणार आहे. आजवर मी कुणाला आजारी पाडलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

मी लोखंडी आहे. पायथ्याशी दोन हँडल आहेत. एक फिरवलं की माणसाची पाठ वर येते, दुसरं फिरवलं की गुडघे. एका मोठ्या रुग्णालयाने माझ्यासारख्या चाळीस जणी मागवल्या होत्या. वेल्डरला जेवायची घाई असावी, माझा एक पाय अर्धं बोट आखूड राहिला. तपासायला आलेल्या साहेबांनी मला हलवून पाहिलं, मी टक्कन वाजले आणि ते म्हणाले, "ही नको." एकोणचाळीस बहिणी ट्रकमधून गेल्या. मी कारखान्याच्या दाराशी उन्हात पडून राहिले. ते मला बरीच वर्षं लागून राहिलं होतं.

शेवटी कारखानदाराने मला एका संस्थेला देऊन टाकलं. संस्था म्हणजे तीन खोल्या. पुढच्या खोलीत कुबड्या, वॉकर, चाकांच्या खुर्च्या. ज्याला लागेल त्याने न्यायच्या, काम झालं की परत आणायच्या. मधल्या खोलीत आठवड्यातून दोनदा डॉक्टर येत, रक्तदाब तपासत आणि येईल त्याला मीठ कमी करायला सांगत. मागच्या खोलीत सकाळी शिवणवर्ग, दुपारी रुग्णसेवेचा वर्ग. हा सगळा पसारा मोठ्या बाई सांभाळायच्या. मोठ्या नुसत्या नावाला, उंची माझ्या उशाकडच्या दांड्यापेक्षा थोडीच जास्त. पण त्या दिसल्या की टेम्पोवाले काकासुद्धा सिगारेट पाठीमागे लपवायचे.

टेम्पोवाले काका मला घरोघर पोचवत आणि वर्गात खोटा रोगीही तेच होत. अंगाने चांगले भरदार. "यांना कुशीवर वळवलंत, तर जगात कुणालाही वळवाल," असं बाई मुलींना सांगत. रोग्याला न उठवता खालची चादर कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, सगळं काकांच्या देहावर शिकवलं गेलं. काका दुसऱ्या मिनिटाला घोरू लागत. "रोगी बेशुद्ध आहे असं समजा," बाई म्हणत, आणि मुली हसून हसून माझ्या कठड्याला धरून उभ्या राहत. काय दिवस होते ते!

वर्ग नसला की मी कुणाच्या तरी घरी असायची. तिथे माझ्या आखूड पायाखाली काही ना काही सरकवलं जाई आणि त्यावरून मला घर कळे. कुठे जुन्या चपलेचा तुकडा, कुठे कॅलेंडरच्या पानाची घडी. एका वकिलाने जाडजूड कायद्याचं पुस्तक घातलं, तर मी दुसऱ्या बाजूला कलले. काही घरी मात्र कुणी काहीच घालत नसे. तिथे रोग्याने कूस बदलली की मी टक्क करायची आणि कुणी उठून बघायला यायचं नाही.

आणि प्रत्येक घरी एक प्रश्न ठरलेला. मला मांडून झालं की घरातलं कुणीतरी बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारी, "आधी कोण होतं यावर?"

बाईंचं उत्तरही ठरलेलं. "एक गृहस्थ होते. बरे झाले. आपल्या पायांनी चालत गेले."

एकदा ते अगदी खरं होतं. माझा पहिला माणूस एक गवंडी होता, बांधकामाच्या परांचीवरून पडलेला. चार महिन्यांनी तो उठला आणि मला टेम्पोत चढवायला स्वतः हात लावला. त्यानंतर कितीतरी जण आले. काही उठले, काही नाही उठले. बाईंचं वाक्य तेच राहिलं. मला सगळं ठाऊक होतं, पण लोखंडाला कोण विचारतंय?

मग मी एका घड्याळजींच्या घरी गेले. त्यांची फुप्फुसं थकली होती, आडवं पडलं की श्वास अडके. घरात ते आणि त्यांची विशीतली मुलगी, दोघंच. पहिल्याच दिवशी मी टक्क केलं आणि त्यांनी बोट वर केलं.

"ही लंगडतेय. मोजपट्टी आण."

"बाबा, आधी औषध घ्या."

"औषध कुठे पळून जातंय? मोजपट्टी आण आधी."

तीन दिवस ते माझ्याच पाठीला टेकून, डोळ्याला भिंग लावून, रबराच्या चकत्या कापत होते. दोन चकत्या कापायच्या, दम खायचा, पुन्हा कापायच्या. मुलीने त्या चिकटवून माझ्या पायाला बसवल्या. त्यांनी जोर लावून कूस बदलली. मी गप्प! जन्मात पहिल्यांदा मी चारी पायांवर उभी होते. सगळ्यांनी माझी अडचण झाकली होती, दुरुस्त कुणीच केली नव्हती. रडता आलं असतं तर रडले असते, पण लोखंडाला पाण्याचं भय.

पाचव्या आठवड्यात, सकाळी, मुलगी त्यांची पाठ पुसत असताना ते गेले.

महिनाभरात ती मुलगी रुग्णसेवेच्या वर्गात येऊन बसली. "बाबांना नीट वळवता येत नव्हतं मला," ती बाईंना म्हणाली. "पाठीला जखम झाली त्यांच्या. दुसऱ्या कुणाच्या बाबांना होऊ नये." काकांना वळवण्यात ती सगळ्यांच्या पुढे गेली.

तिच्या बाबांनंतर मी जात होते त्या पहिल्याच घरी बाई तिला घेऊन गेल्या. हँडल कसं फिरवायचं ते तिने दाखवलं. घरातल्या बाईने ठरलेला प्रश्न विचारला. मोठ्या बाईंनी ठरलेलं उत्तर दिलं. मुलगी माझ्या पायथ्याशी होती, तिचा हात हँडलवर तसाच राहिला. घरातली बाई पाणी आणायला आत गेली, तशी मुलगी म्हणाली, "ते माझे बाबा होते. चालत नाही गेले ते."

"अगं, त्या माउलीला आज नवऱ्याला इथे निजवायचंय. धीर नको तिला?"

"आणि माझे बाबा? त्यांना पुसून टाकलंत तुम्ही."

मोठ्या बाई वाकून माझी आधीच नीट असलेली चादर पुन्हा ताणू लागल्या.

मुलगी आठ दिवस आली नाही. मग आली, शिकली, पुढे तोच वर्ग शिकवू लागली. संस्था तिच्या हाताखाली वाढली. बाईंशी कामापुरतं बोले, आदराने बोले, पण पूर्वीसारखं हसणं नाही. तो प्रश्न तिला कुणी विचारला तर म्हणे, "बाईंना विचारा." पंधरा वर्षं दोघींमध्ये ते वाक्य उभं होतं आणि मला दोघीही हव्या होत्या.

मग बाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. त्या एकट्याच राहत, म्हणून मधल्या खोलीत मला मांडून त्यांना माझ्यावर निजवलं. डॉक्टरांनी मुलीला बजावलं, "पंधरा दिवसांत उभ्या राहिल्या तर राहिल्या. नाहीतर मग कठीण आहे." बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. जगाला उठायला-बसायला शिकवणारी बाई, पण वॉकर पुढे आणला की म्हणे, "आता कशाला? झालं माझं."

दहा दिवस असेच गेले. अकराव्या दिवशी दुपारी मुलगी त्यांची पाठ पुसत होती. बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "आधी कोण होतं गं यावर?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं.  मुलीने फडकं पिळून बाजूला ठेवलं.

"एक घड्याळजी होते," ती म्हणाली.

"मग?"

"बरे झाले. आपल्या पायांनी चालत गेले."

बाईंची पाठ हलू लागली. त्या रडत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्यावर रागावली होतीस तू."

"होते. अजूनही आहे थोडी. उठा आता."

त्या दिवशी बाई वॉकर धरून उभ्या राहिल्या, मोजून तेवढी दोन मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात माझ्यापासून दारापर्यंत अकरा पावलं चालल्या. टेम्पोवाले काका मोठ्याने पावलं मोजत होते, सातनंतर त्यांना मोजता येईना. पुढे चार वर्षं बाई हिंडत्या-फिरत्या होत्या आणि गेल्या तेव्हा त्यांना माझी गरज पडली नाही.

आता माझा रंग उडालाय, हँडल जड झालीत. बटण दाबलं की वर-खाली होणाऱ्या नव्या खाटा आल्यात. मी बहुतेक वर्गातच असते. काका म्हातारे झाले, तरी अधूनमधून येऊन माझ्यावर घोरून जातात. तुमच्या दारात कधी आले तर भिंतीला चिकटू नका, एवढंच मागणं आहे. मी कुणाला न्यायला येत नाही, सांभाळायला येते.

मागच्या आठवड्यात नव्या खाटा सगळ्या बाहेर होत्या, म्हणून मला काढलं. एका ड्रायव्हरच्या आईला हवी होती. मला मांडून झाल्यावर त्याने घड्याळजींच्या मुलीला बाजूला घेतलं. तिचे केस आता पांढरे झालेत.

"ताई, आधी कोण होतं यावर?"

या वेळी 'बाईंना विचारा' म्हणायला बाई नव्हत्या. तिने माझ्या उशाकडच्या दांड्यावर हात ठेवला.

"बरेच जण होते," ती म्हणाली. "आमच्या मोठ्या बाई होत्या, त्या चालत गेल्या. माझे बाबा होते, ते यावरच गेले. पण जाण्याआधी या खाटेचा पाय दुरुस्त करून गेले. बघा बरं हलवून."

त्याने दोन्ही हातांनी धरून मला गदागदा हलवलं. मी हलले नाही. मग त्याने आईला उचललं आणि हळूच माझ्यावर निजवलं.