निरोगी पट्टी

भावजयीने प्रयोगशाळेतल्या फ्रीजरचं जड दार माझ्या उजव्या हातावर आदळलं तेव्हा मी आत भावाच्याच रक्ताची नळी शोधत होते. एकदा आदळून तिचं भागलं नाही. अंगाचा भार टाकून तिने दार पुन्हा दाबलं आणि माझी दोन बोटं कडकन मोडली.

"एकच जागा उरली होती, ताई! तुमच्या सहीने घालवली!"

सही माझीच होती. भावाच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या नव्या औषधाच्या चाचणीत घ्यायचं तर रुग्णाच्या रक्तात एक प्रथिन माजलेलं असावं लागतं. पेशीतली कुठली जनुकं गप्प बसवायची, हे ते ठरवतं. जनुकाला धक्का लावत नाही, नुसतं तोंड दाबतं. ते माजलं की पेशीला आवर घालणारी जनुकंच मुकी होतात आणि पेशी मोकाट सुटते. प्रथिन जितकं जास्त, तितकी फिल्मवर त्याची पट्टी काळी उमटते; पण भावाची पट्टी तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाच्या पट्टीइतकीच काळी दिसली. "वाढ नाही" असं लिहून मी मोकळी झाले.

मीही काही गरीब गाय नाही. डाव्या हाताने तिच्या झिंज्या धरल्या आणि डोकं टेबलावर आपटलं. बाटल्या फुटल्या. ती माझ्या दंडाला कडकडून चावली. शेवटी वॉचमनने आम्हाला ओढून बाजूला केलं.

तिचा फाटलेला ओठ पाच मिनिटांत सुकला. माझ्या बोटांवरचं तिसरं बँडेज भिजलं तरी रक्त थांबेना.

"एवढीशी तर चीर," वॉचमन म्हणाला. "रक्त आहे का नळ?"

मी सलवार वर केली. नडग्यांवर महिनाभराचे काळेनिळे डाग होते. टेबलाचे कोपरे लागतात, असं मी समजत होते. भावाचं दुखणंही अशाच डागांनी सुरू झालं होतं. आमच्या विभागात तुलनेसाठीचा 'निरोगी माणूस' म्हणजे ज्याची बाही आधी वर होईल तो. भावाचं रक्त तपासलं त्या दिवशी बाही माझी होती.

"हात दे," मी भावजयीला म्हणाले आणि रक्त काढायला डाव्या हाताने सुई खुपसली. ती किंचाळली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी फिल्म आली. एक पट्टी फिकट, दोन काळ्याकुट्ट.

"फिकट माझी. एक काळी ह्यांची," ती म्हणाली. "आणि ती दुसरी?"

"माझी. मी त्याला माझ्याशी मोजलं."

 मी भावाचा नवा अहवाल लिहिला. डाव्या हाताची सही वाकडी आली. चाचणीतली ती एकच जागा अजून भरली नव्हती, आणि आता ती मलाही मिळू शकत होती. मला मरायचं नव्हतं. कागद माझ्या हातून सुटेना.

तिने माझी मोडकी बोटं पिरगाळली, कागद हिसकावला आणि जिन्याकडे धावत सुटली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.