सासूबाई नापास

विद्यापीठ सुरू झालं ते एका बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात. सरकारकडे दुसरी जागा नव्हती, कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, अशी ती सोयरीक जुळली. साबण उकळायच्या दालनात व्याख्यानं, वड्या वाळवायच्या फळ्यांवर ग्रंथालय आणि मुकादमाच्या खोलीत कुलगुरू. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी हौसेनं फरशी धुवायला काढली, तर जमिनीत मुरलेल्या साबणाला असा काही फेस आला की कुलसचिव घोट्यापर्यंत बुडाले. तेव्हापासून गावानं त्याचं नाव ठेवलं ‘फेसविद्यापीठ’. “तुमची पोरं शिकून निघणार की धुऊन निघणार?” असं लोक खुशाल तोंडावर विचारायचे.

या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे एक सर होते. तिशीचं वय, किरकोळ अंगकाठी, दगडांवर जीव आणि चार माणसांसमोर उभं राहिलं की जीभ टाळ्याला चिकटलेली. शिकवताना ते फळ्याकडे तोंड करायचे आणि फळ्यालाच सगळं समजावून सांगायचे. फळा बिचारा निमूट ऐकायचा. मुलं मात्र एकेक करून कमी होत गेली.

दुसऱ्या वर्षी वरून फर्मान आलं, की ज्या विभागात बारा विद्यार्थी नाहीत तो बंद करावा. सरांकडे होते अकरा.

“एक माणूस मिळत नाही अख्ख्या गावात?” रात्री जेवताना बायकोनं विचारलं.

“कुणाला घेऊ? वाटेवरचा माणूस ओढून आणू?”

“आईला घ्या की.”

सरांचा घास तोंडातच राहिला. सासूबाई म्हणजे माई. उभं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि लेकीकडे राहायला आल्या होत्या. घरात बसून कंटाळल्या होत्या, इतक्या की फेरीवाल्याशीसुद्धा अर्धा अर्धा तास बोलायच्या. शाळा त्यांनी पुरी केली होती. पुढे शिकायचं होतं ते संसाराच्या रगाड्यात राहून गेलं होतं.

“घरचं झालं थोडं, नि व्याह्यानं धाडलं घोडं,” सर पुटपुटले.

“काय म्हणालात जावईबापू?” पलीकडच्या खोलीतून माईंचा खणखणीत आवाज आला. “आणि फी किती आहे?”

तर अशा रीतीनं माई विद्यार्थिनी झाल्या आणि विभाग वाचला. नियमाला फक्त डोकं हवं होतं, ते सापडलं. माईंनी नियमित यायलाच पाहिजे असं काही नाही, असं सरांनी आडून आडून सुचवून पाहिलं. माई पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावर बसल्या. घरातून दोघं बरोबरच निघायचे, पण फाटक ओलांडलं की माई चार पावलं मागे राहायच्या आणि ‘जावईबापू’चे ‘सर’ व्हायचे. सर फळ्याकडे वळले की मागून आवाज यायचा, “हॅलो, लाइन खराब आहे. पुन्हा बोला!”

वर्ग खदखदून हसायचा. सरांचे कान लाल व्हायचे. पण आवाज काही वाढायचा नाही.

वर्षाअखेरीस परीक्षा झाली. पेपर सरांनीच तपासले. माईंचा पेपर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला आणि तपासायला घेतला तेव्हा त्यांना घाम फुटला. माईंनी सगळं लिहिलं होतं, मोठ्या मनानं पानंच्या पानं भरली होती, फक्त प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं. भूकंप का होतो, या प्रश्नाला त्यांनी ‘पृथ्वीच्या पोटात काहीतरी बिनसल्यामुळे’ असं लिहून पुढे एक्स्चेंजमध्ये एकदा भूकंप झाला तेव्हा कोण कुठे पळालं होतं त्याचं रसभरित वर्णन केलं होतं. वाचताना सरांना हसू आवरेना. पण हसण्याला गुण देता येत नाहीत.

कुलसचिव कानाशी लागले. “अहो, सासू आहे. पाच-दहा गुणांनी कुणाचं काय जातंय?”

“विद्यापीठाचं जातं,” सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या डोळ्यात बघून बोलले असतील. “आत्ताच लोक फेस फेस करतायत. उद्या म्हणतील, तिथे नात्यावर पदवी मिळते.”

निकाल लागला. बारांपैकी सात नापास, त्यात माई. तासाभरात बातमी गावभर झाली. जावयानं सासूला नापास केलं! न्हाव्याच्या दुकानात लोक पोट धरधरून हसले. घरात मात्र स्मशानशांतता. माईंनी जावयाशी अबोला धरला. “त्यांना सांग, मिठाची बरणी इकडे सरकवा,” असं त्या लेकीला सांगायच्या आणि जावई मुकाट्यानं बरणी सरकवायचा. बायको दोघांच्या मधे बसून जेवायची.

“खरं सांगा,” एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, “आईला काहीच येत नाही का हो?”

“त्यांना येत नाही ते एक,” सर खाली बघून म्हणाले, “पण सातजणांना येत नाही म्हणजे मलाही काहीतरी येत नसणार.”

भिंतीला कान असतात आणि माईंना तर उभ्या जन्माची ऐकायची सवय. अबोला सुटला नाही, पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाकीच्या सहा नापासांना घरी चहाला बोलावलं. एक गवंडी होता, एक बस कंडक्टर, एक दवाखान्यातली नर्स, दोन गिरणीतले आणि एक पोस्टातला. प्रत्येकाचं रडगाणं एकच, की काम सांभाळून दिवसाचं कॉलेज जमत नाही. कंडक्टर रजा टाकून टाकून थकला होता. रात्रपाळी करून आलेली नर्स वर्गात बसायची ती डोळे उघडे ठेवून झोपायची.

“मग हे कॉलेज संध्याकाळी का नाही भरत?” माईंनी विचारलं.

आणि माई सगळी वरात घेऊन थेट कुलगुरूंच्या दारात गेल्या. कुलगुरू भले गृहस्थ, पण त्यांनी हात वर केले. “दिवे आहेत, खोल्या आहेत. पण दिवसभर शिकवून संध्याकाळी पुन्हा शिकवायला कोण तयार होईल?”

सर नेमके तेव्हाच काही कामानं आत आले होते. सहा नापासांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. माईंनीही पाहिलं आणि निकालाच्या दिवसापासूनचा अबोला मोडला.

“जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुम्ही मला नापास केलंत ते बरोबरच होतं. माझा पेपर मीच तपासला असता तर त्याहून कमी दिले असते. आता पास होण्याजोगं शिकवा.”

सरांना नाही म्हणता आलं नाही. खरं तर म्हणावंसंही वाटलं नाही.

पण मनाशी होय म्हणणं निराळं आणि वर्गात उभं राहणं निराळं. पहिल्या संध्याकाळच्या आधी सर कोठारात येरझारा घालत होते. कोपऱ्यात कारखान्याचा उरलेला माल पडला होता, रंग उडालेल्या साबणाच्या लांब लांब पट्ट्या. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या. त्यांनी सहज तीन एकावर एक ठेवल्या, दोन्ही बाजूंनी दाबल्या आणि मधोमध कमान उभी राहिली. सर तिच्याकडे बघतच राहिले. मग पट्ट्या काखेत मारून ते वर्गात आले आणि फळ्याकडे न वळता थेट टेबलाभोवती सगळ्यांना बोलावलं.

“ही जमीन,” ते म्हणाले. “खालचा थर जुना, वरचा नवा. आता हिला दोन्हीकडून रेटा.”

गवंड्यानं रेटलं. थर वाकले, डोंगरासारखे उचलले गेले.

“आणखी?”

“आणखी.”

कडकन पट्ट्या मोडल्या, एक बाजू वर, एक खाली. टेबल हललं आणि कंडक्टरचा पेला कलंडला.

“हा भूकंप,” सर म्हणाले.

नर्स टक्क जागी होती. “म्हणजे सर, जमीन ताण सोसते, सोसते आणि मग एकदम तिचा बांध फुटतो?”

“अगदी बरोबर!” सर जवळजवळ ओरडलेच. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून साबण पुरेना. कंडक्टरनं आपल्या बसमधल्या उतारूंना तिकिटाबरोबर संध्याकाळच्या वर्गाची बातमी द्यायला सुरुवात केली. गिरणीतून माणसं आली, दुकानांतून आली, तान्ही मुलं शेजारणीकडे सोपवून बायका आल्या. मग त्या म्हणू लागल्या, दगड ठीक आहेत, पण आम्हाला गणित हवंय, कायदा हवाय. एकेक विषय संध्याकाळी भरू लागला. दिवसाची मुलं घरी निघत तेव्हा फाटकातून तेवढीच माणसं आत येत. सरकारनं शेजारचं माळरान दिलं, तिथे आधी प्रयोगशाळा उभी राहिली, मग वसतिगृह, मग ग्रंथालयाची स्वतःची इमारत. पुस्तकांना साबणाचा वास यायचा बंद झाला याचं काही जुन्यांना वाईटसुद्धा वाटलं. गावानं ठेवलेलं नाव कधी गळून पडलं ते कुणाला कळलं नाही. आता लोक नुसतं ‘आपलं विद्यापीठ’ म्हणायचे.

माई फेरपरीक्षेला बसल्या आणि काठावर पास झाल्या. पुढेही काठाकाठानंच चालल्या, पण थांबल्या नाहीत. पदवीदान समारंभाच्या दिवशी मंचावर उभं राहून नावं पुकारायचं काम सरांकडे होतं. माईंचं नाव आलं तेव्हा ते त्यांनी असं पुकारलं की माळरानाच्या टोकाला उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं. कंडक्टर आणि नर्स उठून उभे राहिले, मग सगळा मांडवच उठला. माईंनी पदवी घेतली, झगा सावरला आणि उतरताना जावयाच्या कानाशी म्हणाल्या, “आता दगड पुरे.”

सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो अर्धा आनंदाचा होता आणि अर्धा, का कोण जाणे, हुरहुरीचा.

सुट्टी संपली. प्रवेश सुरू झाल्याच्या आठवड्यात इतिहास विभागाचे प्रमुख सरांना शोधत आले. चेहरा जरा चिंतातुर.

“तुमच्या सासूबाईंनी आमच्याकडे एम.ए.ला नाव घातलंय,” ते म्हणाले. “विद्यार्थिनी म्हणून कशा आहेत हो त्या?”

सरांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मनापासून हसत म्हणाले, “फार चांगल्या. फक्त तुम्ही तयारी करून जात जा.”