नवव्या वळणाखालची झर

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. मोटारींच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी आखलेल्या ट्रॅकचा मातीचा नमुना. खाली प्लायवूड, वर डिचोलीची चिकणमाती, लांबी सहा फूट. गोव्यात पेडण्याच्या सड्याखाली, म्हणजे जांभ्याच्या पठाराखाली, एक वाडा आहे, छोटी वस्तीच ती, तिथल्या जयराम मूर्तिकाराच्या चित्रशाळेत मी भिंतीला टेकून उभा असतो. अंगभर भेगा पडल्या आहेत आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी बिऱ्हाड थाटले आहे.

जयरामच्या घरात तीन पिढ्या गणपती घडतात. एका फाल्गुनात ट्रॅक आखणाऱ्या कंपनीचे इंजिनियर शिवदासबाब त्याच्याकडे आले. त्यांना सड्याची हुबेहूब प्रतिकृती हवी होती. संगणकावरचे चित्र वाड्यावरच्या लोकांना उमगत नाही, असे ते म्हणाले. जयरामच्या हाताला गावात केवढा मान आहे याची चौकशी ते आधीच करून आले होते, हे मला फार उशिरा कळले.

जयराम चार दिवस सडा पायांखाली घालून आला आणि मग मला घडवायला बसला. जांभ्या दगडाचे कातळ, गुरांच्या वाटा, राखणदार देवाची घुमटी, काही म्हणता काही त्याने सोडले नाही. सड्याच्या कडेला एक झर होती. तिच्या पाण्यावर वाड्यातली बारा घरे आणि शेजारच्या आनंदीवयनीचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, जगत होते. ती झर त्याने बारीक कुंचल्याने निळी रंगवली. मी देखणा होतो, हे सांगायला मला आता कोणाची भीड नाही.

मग परदेशी आराखडाकार आला. त्याने माझ्या अंगावर टाचण्या टोचल्या आणि त्यांच्याभोवती तांबडा दोरा ओढला. तो दोरा म्हणजे ट्रॅक. चौदा वळणे, एक लांबलचक सरळ पट्टा. रोज येऊन तो दोरा बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवी आणि वहीत मोटारींचा वेग मांडी. माझ्या अंगावरून जग धावणार म्हणून मी फुशारून गेलो होतो.

घोडे अडले नवव्या वळणाशी. तिथे मोटारी उतारावरून सुसाट येणार. एखादी घसरलीच, तर ती थांबायला वळणाबाहेर सपाट मोकळी जागा हवी. त्याच जागेत झर होती. जयरामने आपल्या हाताने दोरा वरच्या अंगाला सरकवून दाखवला. आराखडाकाराने मान डोलावली, मोजले. सरळ पट्टा आखूड होत होता आणि तेवढ्यावर ट्रॅकला मान्यता मिळणार नव्हती. दोरा परत झरीवर आला.

गावसभा आठ दिवसांवर आली होती. शिवदासबाब जयरामला बाजूला घेऊन म्हणाले, "नमुन्यावरची झर तेवढी बुजव. खऱ्या झरीला कोण हात लावतोय? तिचे पाणी पाइपातून खाली सोडू."

जयराम माझ्यावरच्या निळ्या झरीकडे वाकला. मला वाटले, हा नाही म्हणेल. पण आराखडाकाराने त्याला सर्वांदेखत कलाकार म्हटले होते, आणि ट्रॅकच्या दारात काचेच्या पेटीत, त्याच्या नावाच्या पितळी पाटीसह मला ठेवायचे ठरले होते. तीन पिढ्यांत त्या घराला गणपती करणारे यापलीकडे कोणी काही म्हटले नव्हते. जयरामने बोट ओले केले, चिमूटभर माती घेतली आणि माझी झर बुजवली. त्या क्षणी मला त्याची किळस आली.

देवळाच्या मंडपात सभा भरली. खाणी बंद पडल्यामुळे घरी बसलेले मुळगावचे ट्रकवालेही कामाच्या आशेने आले होते. आनंदीवयनी माझ्यावर वाकली. तिने आपले कुळागर शोधले, मग बोट वर नेले.

"जयराम, झर दिसना नाय ती?"

"आसा गे वयनी, हयच आसा. बारीक म्हणान दिसना नाय."

"तुझ्या हातचां आसा म्हणजे खरां आसतलां," ती म्हणाली आणि तिने ट्रॅकच्या ना हरकत पत्रावर सही केली. तिच्यामागून साऱ्या वाड्याने केली.

यंत्रे आली. नववे वळण सर्वांत आधी खोदले गेले. पाइपातून पाणी खाली सोडणार होते, तो पाइप कोणी घातलाच नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात झर आटली आणि पोफळी माथ्याकडून वाळत गेल्या. पुढे शर्यतीवाल्यांना दुसऱ्या देशात सोयीची जागा मिळाली. शिवदासबाबांची बदली झाली. वर अर्धामुर्धा ट्रॅक उरला, त्यावर आता गुरे बसतात. पितळी पाटी घडलीच नाही.

आमच्याकडे चवथीच्या महिना-दीड महिना आधी घरोघरचे पाट मूर्तिकाराकडे येतात. ज्या घरचा पाट, त्यावर त्या घरचा गणपती घडतो. झर आटली त्या वर्षी आनंदीवयनीचा पाट तिच्या जावयाने सवयीने आणून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः तो न्यायला आली. जयरामने तो स्वतःच काढून दिला. ती पाट काखेत घेऊन म्हणाली, "राग नाय रे. पण गणपतीतय तू कायतरी बुजवशीत, आणि माका कळाचां नाय."

आठवड्याभरात उरलेले पाटही गेले. जयराम आता फक्त घरचा एक गणपती करतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी आम्हाला जपा म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. मी खोटा आहे आणि माझ्या खोट्यावर माणसांनी सह्या केल्या. मला मोडून टाकावे असे मला मनापासून वाटते. मी कच्च्या मातीचा, विरघळायला दोन घागरी पाणी पुरे. पण आमच्या वाड्यावर पाणी टँकरने येते, तेही तिसऱ्या दिवशी. ते माझ्यावर घालवू नका.