टोक मोडलेला कलमी चाकू

मित्रांनो, मी एक टोक मोडलेला चाकू आहे. गोंदिया जिल्ह्यात, गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, खेमराज आणि नीतूच्या घरी माझा मुक्काम असतो.

माझा जन्म मात्र फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे वितळलेले पोलाद फवारून त्याची पिठासारखी बारीक पूड केली, ती तापवून प्रचंड दाबाखाली घट्ट केली आणि त्यातून माझे पाते कापले. मग मला भट्टीत लाल केले, एकदम थंड केले आणि पुन्हा बेताने शेकले. म्हणून मी अतिशय कठीण झालो. माझी धार लवकर उतरत नाही आणि मला सहसा गंज चढत नाही. या गोष्टीचा मला केवढा तोरा होता!

खेमराज नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. तिथे आलेल्या एका पाहुण्याने जाताना मला त्याच्या हाती ठेवले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शेजारीपाजारी येऊन माझ्या धारेवर कागद कापून बघत.

घरात आधीपासून दोन पाती होती. एक होता खेमराजच्या आईचा, शांतीबाईंचा कोयता. गावच्या लोहाराने तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवला होता. कितीही आपटा, तो मोडत नसे. पण ओला राहिला की तांबडा होई. दुसरी होती स्वयंपाकघरातली सुरी. तिला गंज माहीत नव्हता, पण तिचे पोलाद मऊ, त्यामुळे ती सारखी बोथट व्हायची. मी दोघांनाही कमी लेखत असे.

एके दिवशी खेमराजने रंगाच्या डब्याचे घट्ट झाकण माझ्या टोकाने उचकटायला घेतले. कट् असा आवाज झाला आणि टोक उडाले. कठीण पोलाद वाकत नाही मित्रांनो, ते मोडते. खेमराजने मला पायरीच्या दगडावर घासून पाहिले. दगड माझ्यावर चालेना, उलट होती ती धारही गेली.

"नाव मोठं अन् काम खोटं!" म्हणत त्याने मला कोनाड्यात टाकले. तिथे पाली आणि जळमटे एवढीच माझी सोबत उरली. लोकांनी मला विसरावे, याचे फार वाईट वाटे.

गेल्या श्रावणात गावतलावाची पाळ झिरपू लागली. पाळीवर एक जुना आंबा होता. शांतीबाईंच्या सासऱ्यांनी लावलेला. त्याच्याच मुळांवाटे पाणी वाट काढत होते; झाड मुळासकट काढल्याशिवाय पाळ बुजणार नव्हती. गाव जमले, पण शांतीबाईंसमोर झाड तोडायचा शब्द कुणी काढेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "पाळ फुटली त साऱ्या गावचा धान जाईन. तोडा झाड."

घरी येऊन मात्र त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत.

नीतू त्यांची सून. ती रोपवाटिकेत कामाला होती आणि कलमे बांधायला शिकली होती. अंगणात पिशव्यांत लावलेली आंब्याची रोपेही होती. ती सासूजवळ बसली. "आई, झाड जाईन, पन त्याची जात नाई जाऊ देत मी. कलमा बांधतो."

पण कलमाला कापायचे कशाने? सुरीने कापून पाहिले, तर आंब्याच्या बारीक काडीची साल चेपली. कोयत्याचा काप जाडाभरडा आला, आणि चीक लागून तो काळाही पडला. काप सपाट आणि स्वच्छ नसेल, तर काडी आणि रोप एकजीव होत नाहीत. नीतूने घर धुंडाळले आणि कोनाड्यातून मला बाहेर काढले.

खेमराज मला घेऊन तडक गोंदियाला, धार लावणाऱ्या मुन्नालालच्या दुकानात गेला. मुन्नालालने मला उजेडात धरले. "भैया, इसपे पत्थर नहीं चलेगा," म्हणत त्याने हिऱ्याच्या कणांची पट्टी काढली. तिच्यावर त्याने मला धीराने घासले, मोडके टोकही गोल केले. किती दिवसांनी माझ्या अंगावर धार आली!

दुसऱ्या दिवशी झाड पडताच घरचे सगळे फांद्यांकडे धावले. घाईघाईत खेमराजने मलाच एका जाड फांदीवर उगारले.

"अवो, काऊन त्या चाकूच्या जीवावर उठून राहिले?" नीतू ओरडली. "फांदीले कोयता घ्या!"

मग कोयत्याने फांद्या तोडल्या. सुरीने कलमे बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापल्या. मी काडीला पाचरीचा आकार दिला आणि रोपाचा शेंडा छाटून तिथे चीर पाडली. नीतू मला पुसत होती, कापत होती, काडी चिरेत बसवून बांधत होती. शेवटच्या काडीपर्यंत माझी धार उतरली नाही. पण मित्रांनो, त्या दिवशी माझा तोरा मात्र उतरला. कोयता नसता, तर माझ्यापर्यंत काडी आलीच नसती.

पाळ दुरुस्त झाली, धान वाचला. बरीचशी कलमे वाळून गेली. शांतीबाई रोज सकाळी उरलेल्या कलमांच्या पिशव्यांजवळ बसून काड्या निरखत. एक दिवस त्यांनी हाक मारली, "नीतू, धावत ये वं!" एका काडीवर तांबूस पालवी फुटली होती. मग दुसरीवर, मग आणखी काहींवर.

पहिले कलम त्यांनी पाळीपासून दूर, स्वतःच्या शेताच्या बांधावर लावले. "आंबा खायले मी राहीन का नाई, देवाले ठाऊक," त्या हसत म्हणाल्या, "पन झाड त राहीन."

मित्रांनो, सर्वांत चांगले पोलाद कोणते, असे मला विचारू नका. हातात काम कोणते आहे ते आधी बघा. आम्हाला पुसून कोरडे ठेवा, आमच्याकडून भलते काम करवू नका, आणि धार गेली म्हणून लगेच टाकून देऊ नका.

एवढे सांगून मी निघतो. सालेकशा गावाहून प्रेरणा नावाची मुलगी कलमे बांधून घ्यायला आली आहे. तिच्याजवळच्या ओल्या फडक्यात तिच्या घरच्या अंगणातल्या आंब्याच्या काड्या आहेत, आणि नीतूने मला हातात घेतले आहे.